तुम्ही विचारलंत म्हणून: लेट्यूसच्या गावात पोराला पाठवू का?

"ताई, जपानात शेतीवर माणसं लागतात म्हणे. पोराला पाठवू का?" सुट्टीत घरी आले की दिंडोरीकडचं कुणी ना कुणी विचारतंच. मी नागानो प्रांतात राहते, तेव्हा इथलंच सांगते.

कावाकामी हे गाव चिकुमा नदीच्या उगमाशी, समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या वर. बाकीचा जपान उन्हाळ्यात घामाघूम होतो, तेव्हा इथली हवा थंड असते. म्हणून इथे लेट्यूस, आणि त्यात हे गाव देशात अव्वल. वस्ती जेमतेम चार हजार. हंगामात शेतावर राबणारे शेकडो हात परदेशी असतात, पूर्वी बहुतेक चिनी, आता आग्नेय आशियातलेही.

काढणी मध्यरात्रीनंतर सुरू होते. कपाळावर दिवा बांधायचा, एका हाताने गड्डा कलता करायचा, दुसऱ्या हातातल्या सुरीने बुडातून कापायचा. कापल्या जागी पांढरा चीक येतो. तो तसाच वाळला तर लालसर डाग पडतो, म्हणून लगेच पाण्याने धुवायचा. उजाडायच्या आत खोकी भरायची, कारण ऊन लागलं की पानं माना टाकतात. तासन् तास कंबर वाकलेलीच.

जपानी श्रम कायद्याच्या कलम 41 प्रमाणे कामाचे तास आणि सुट्टी यांचे नियम शेतीला लागू नाहीत. पण रात्री 10 ते पहाटे 5 या वेळेतल्या कामाचे 25 टक्के जास्त पैसे शेतमजुरालाही द्यावेच लागतात. पगाराच्या चिठ्ठीवर त्याचा 'शिन्या तेआते' असा रकाना असतो. एका मुलाने मला त्याची चिठ्ठी दाखवली होती. महिनाभर रात्री राबला होता, आणि रकाना कोरा! त्याला हा रकाना कशाचा, हेच ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

ही परदेशी मुलं ज्या सरकारी योजनेतून येतात, त्या 1993 पासूनच्या योजनेचं नाव 'प्रशिक्षण', पण एरवी मालक बदलायची सोय नाही. व्हिएतनामची कितीतरी मुलं एजंटचं कर्ज डोक्यावर घेऊन यायची. मालक वाईट निघाला तर सोसा, नाहीतर पळा. याला मी प्रशिक्षण म्हणणार नाही. 2024 मध्ये कायदा बदलला. 2027 पासून या योजनेच्या जागी नवी व्यवस्था येणार, त्यात अटी पाळून मालक बदलता येईल. 2019 च्या 'तोकुतेई गिनो' म्हणजे कुशल कामगारांच्या व्हिसावर ही मोकळीक आधीपासूनच आहे. त्यात शेतीसाठी माणसं पुरवणाऱ्या संस्थेमार्फतही काम करता येतं, उन्हाळ्यात नागानो, हिवाळ्यात दक्षिणेकडे. मात्र पहिल्या टप्प्यातल्या पाच वर्षांत बायकामुलांना आणता येत नाही.

तेव्हा काका, पोराला आधी जपानी शिकू द्या, निदान एन-4 या जपानी भाषा-परीक्षेच्या पातळीपर्यंत. व्हिसा कुठला ते एजंटकडून लेखी घ्या. करार पोराला कळेल अशा भाषेतही मागा. एवढं करून त्याला यायचं असेल तर जरूर पाठवा, इथे मी आहे. जमीन गहाण टाकून पाठवणार असाल, तर माझं उत्तर नाही.