तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअर आलं तरी साइटवरची वही का सुटत नाही?

‘सॉफ्टवेअर घेतलं, लोकांना ट्रेनिंग दिलं, तरी साइटवर सगळं अजून वहीतच चालतं. असं का?’ पुण्या-नाशिककडचे बिल्डर आणि कंत्राटदार मला हे नेहमी विचारतात. मी आधी साइटवर बिलिंग इंजिनिअर होतो आणि आता बांधकाम कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याने मनात उत्तर बहुतेक ठरवलेलं असतं: साइटवरच्या माणसांना बदल नको असतो. मला ते पटत नाही. जो मुकादम मजुरांचे पैसे यूपीआयने त्यांच्या गावी पोचवतो आणि रोज संध्याकाळी कामाचे फोटो ग्रुपवर टाकतो, तो मोबाईलला घाबरतो असं कसं म्हणायचं? त्याला जे लिहायचं असतं, त्याला स्क्रीनवर जागाच नसते. म्हणून वही राहते.

हजेरीचंच बघा. बहुतेक सॉफ्टवेअर आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि महिन्याचा पगार एवढंच विचारतात. साइटवरचा हिशोब मात्र अर्धी, पाऊण, पूर्ण, दीड अशा हजेरीवर चालतो. स्लॅबचं काम रात्री उशिरापर्यंत लांबलं, तर ठरल्याप्रमाणे दीड किंवा दोन हजेऱ्या पडतात. दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची दिली जाते, आणि मजूर होळीला किंवा दिवाळीला गावी निघाला की उचल आणि खर्ची वजा करून बाकी चुकती होते. मुकादमाच्या वहीत प्रत्येक नावापुढे हजेरी, खर्ची, बाकी हे सगळं एका ओळीत असतं, आणि मजुराला ते विचारताक्षणी कळतं. कायद्यासाठी कामाचे तास लागतात, ते नोंदवलेच पाहिजेत. पण मजुराच्या हातात पडणारी रक्कम ज्या आकड्यावरून ठरते, तो आकडाच स्क्रीनवर नसेल तर मुकादमाने त्यात का भरत बसावं?

याहून अवघड जागा बिलिंगची, आणि माझ्या मते निम्मी सॉफ्टवेअर इथेच साइटचा विश्वास गमावतात. एकच स्लॅब दोन वेगळ्या पद्धतींनी मोजला जातो. क्लायंटच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामं, परिमाणं आणि दर यांच्या यादीत, काँक्रीट घनमीटरमध्ये, सेंट्रिंग (काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा) चौरस मीटरमध्ये आणि स्टील टनात असतं. तोच स्लॅब करणाऱ्या लेबर ठेकेदाराचा दर पुष्कळदा स्लॅबच्या चौरस फुटावर ठरलेला असतो, आणि सेंट्रिंग, स्टील बांधणं, काँक्रीट ओतणं हे तिन्ही त्या एका दरात येतं. बाल्कनी पूर्ण धरायची की अर्धी, जिन्याचं काय, डक्ट वजा करायची का, हे ठेकेदाराशी बोलणीत ठरतं. क्लायंटकडचं माप मात्र आयएस 1200 या बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाप्रमाणे होतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका कामाला एकच एकक आणि एकच परिमाण ठेवता येतं, तिथे बिलिंग इंजिनिअर काय करतो? ठेकेदाराचं बिल एक्सेलमध्ये काढतो आणि शेवटची रक्कम तेवढी सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. मालकाला रिपोर्ट दिसतो, पण ती रक्कम कुठल्या मजल्याच्या कुठल्या कामाची, हे त्यातून कळत नाही. आम्ही आता जागा हाच पाया धरतो: ‘बी विंग, चौथा स्लॅब’. त्या जागेला क्लायंटचं माप वेगळं लावायचं, ठेकेदाराचं वेगळं. दोन्ही आपापल्या नियमाने मोजली जातात आणि एका जागेवर भेटतात. मग या स्लॅबवर क्लायंटकडून किती येणं आहे आणि ठेकेदाराला किती द्यायचं आहे, हे मालकाला खरंच बघता येतं.

वही का सुटत नाही, याचं उत्तर स्टोअरमध्ये तर डोळ्यांसमोर असतं. क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूची गाडी येते, चलनावर 4 ब्रास लिहिलेलं असतं. स्टोअरकीपर टेप लावतो: 14 फूट लांब, 7 फूट रुंद, 3 फूट 9 इंच उंच. ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा माल भरतो 3.68 ब्रास. त्याच्या आवक रजिस्टरमध्ये गाडी नंबर, तिन्ही मापं, चलनाचा आकडा आणि भरलेला आकडा शेजारी शेजारी असतात. स्क्रीनवर मात्र एकच रकाना, तोही घनमीटरचा. म्हणजे गाडी उभी असताना त्याने भागाकार करत बसायचं, आणि पुरवठादाराशी ज्या फरकावरून उद्या वाद होणार तो फरक कुठेच लिहायचा नाही! फूट-इंच जसेच्या तसे घ्यावेत आणि चलनाचं व भरलेलं अशी दोन्ही परिमाणं ठेवावीत. घनमीटर हवेत तर ते संगणकाने काढावेत, त्याचं कामच ते आहे.

स्टीलचंही असंच. माल वजनकाट्यावर टनात येतो, बीबीएसमध्ये, म्हणजे कुठे किती सळई लागणार त्या तक्त्यात, वजन व्यासावरून काढलेलं असतं, 16 मिमीच्या सळईला मीटरमागे 1.58 किलो. प्रत्यक्ष सळई मान्य मर्यादेत जड किंवा हलकी येऊ शकते, म्हणून दोन आकडे तंतोतंत जुळत नाहीत. सॉफ्टवेअर हा सगळा फरक ‘तूट’ म्हणून लाल रंगात दाखवायला लागलं, की प्रामाणिक स्टोअरकीपर संशयात सापडतो आणि नोंदी ‘जुळवून’ भरायला शिकतो.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो: म्हणजे चाललंय तेच कायम ठेवायचं का? नाही. मी प्रत्येक सवयीमागचं कारण शोधतो. पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, निघण्याआधी माल येतो, कारण रात्री दोरखंड तुटला किंवा पंप बंद पडला तर इंजिनिअर फोनवरूनच मागवणार. पीओशिवाय आवक घेऊच द्यायची नाही असं ठरवलं, की मागच्या तारखेचे पीओ बनू लागतात. त्यापेक्षा आवक तेव्हाच नोंदवू द्यावी, आणि कोणी फोन केला, दर काय ठरला, हे दुसऱ्या दिवशी खरेदी विभागासमोर मंजुरीला यावं. याउलट साइटवर न जाता मापवहीवर सही करणं, किंवा काम संपून हमीचा काळ उलटला तरी ठेकेदाराचं रिटेन्शन (हमीपोटी बिलातून कापून ठेवलेली रक्कम) अडकवून ठेवणं, याही सवयीच आहेत. त्यांना सॉफ्टवेअरने सोय करून देऊ नये असं माझं ठाम मत आहे. रिटेन्शनची देय तारीख आम्ही ठेकेदारालाही दिसेल अशी ठेवतो. त्यावर काही मालक नाराज होतात. तरी ती आम्ही काढत नाही.

त्यामुळे कोणी नवीन सॉफ्टवेअरबद्दल विचारलं, की मी आधी मुकादमाची वही, आवक रजिस्टर आणि ज्यावर सगळ्यात जास्त वाद झाला ते आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणारं बिल) बघायला मागतो. वादाच्या बिलात पेनाने खोडलेले आकडे असतात. प्रत्येक खोडाखोडीपाशी थांबून मी बिलिंग इंजिनिअरला आणि ठेकेदाराला वेगवेगळं विचारतो, हे का बदललं. दोघांची उत्तरं वेगळी आली, की त्या आकड्यासाठी स्क्रीनवर दोन रकाने लागणार हे कळतं.