क्लाइंबिंगचं साहित्य बाद कधी करायचं: माझी तपासणीची पद्धत

दोर किंवा हार्नेस (चढताना कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) बाद करायचा की नाही, हे मी कड्याखाली उभं राहून ठरवत नाही. तिथे चढाईची घाई असते आणि ‘आजच्या दिवस चालेल’ हे हमखास तोंडून निघतं. तपासणी घरी, दिवसाच्या उजेडात, सगळं साहित्य धुऊन झाल्यावर. मळलेल्या पट्ट्यावरची झीज दिसत नाही. पाणी ३० अंशांपर्यंतचं, साबण सौम्य, वाळवणं सावलीत.

मग दोन ढीग करतो: धाग्याचं एकीकडे, धातूचं दुसरीकडे. धातूला वयाची ठरावीक मर्यादा नसते. तो झिजला, वाकला किंवा गंजला की जातो. नायलॉन, पॉलिएस्टर, डायनीमा (एक हलका, फार मजबूत कृत्रिम धागा) मात्र नुसतं पडून राहिलं तरी जुनं होतं. बहुतेक उत्पादक निर्मितीपासून कमाल १० वर्षं सांगतात, एकदाही न वापरलेल्या वस्तूलासुद्धा. दोर दर आठवड्याला वापरात असेल तर साधारण वर्षभर आणि महिन्यातून एकदा असेल तर पाचेक वर्षं धरावीत. म्हणून लेबलवरची निर्मितीची तारीख आणि पहिल्या वापराची तारीख दोन्ही वहीत नोंदवून ठेवतो. लेबल काही दिवसांत पुसट होतंच.

सर्वांत जास्त वेळ दोराला देतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो बोटांमधून सरकवायचा आणि थोड्या थोड्या अंतरावर छोटा वळसा करून चिमटीत दाबायचा. चांगल्या दोराचा वळसा गोलसर राहतो. एखाद्या जागी दोर बिजागरीसारखा दुमडला आणि दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या, तर तिथे आतला गाभा दुखावलाय. जागा अचानक बारीक, फुगीर, कडक किंवा पोकळ लागली तरी अर्थ तोच. आवरणावर नुसती लव आली असेल तर दोर वापरात राहतो. आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसले की तो भाग संपला.

झीज टोकांकडे जास्त असते, कारण गाठ तिथेच बसते आणि फॉलचा, म्हणजे चढताना पडण्याचा, मार तिथेच पडतो. अशा वेळी टोक कापून उरलेला दोर वापरता येतो, पण दोन्ही टोकं सारखीच कापावीत. एकच कापलं तर मध्याची खूण मध्यावर राहत नाही आणि रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, दोराची एक बाजू आखूड पडते. कापल्यावर नवी लांबी मोजून टोकावर लिहायची. दोर आता आखूड झालाय हे बिले देणाऱ्याला (चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याला) माहीत हवं आणि मोकळ्या टोकाला गाठ हवीच. नवी खूण करायची तर दोरासाठीच बनवलेल्या शाईने. काही साध्या मार्करांमधली रसायनं धागा कमकुवत करतात.

फॉलची नुसती संख्या मोजून फारसं कळत नाही. यूआयएए या गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चाचणीत सिंगल रोपला (एकटाच वापरायच्या दोराला) ८० किलोचं वजन घेऊन किमान ५ फॉल सोसावे लागतात, पण ते फॉल फार कठोर असतात. महत्त्वाचं असतं ते फॉल फॅक्टर: पडलेलं अंतर भागिले बाहेर आलेला दोर. थोडाच दोर बाहेर असताना, बिलेजवळ बसलेला मोठा फॉल दोराला सर्वांत महाग पडतो. तसा फॉल झाला की आवरण नवं दिसत असलं तरी मी तो दोर लीडसाठी (दोर सोबत नेत सर्वांत पुढे चढण्यासाठी) ठेवत नाही.

स्लिंगमध्ये (शिवून केलेल्या पट्टीच्या वेढ्यात) रंगावर विसंबू नये. डायनीमाला रंग चढत नाही. दिसते ती रंगीत नक्षी सोबत विणलेल्या नायलॉनची असते. बोट फिरवून चकाकणारी, कडक झालेली जागा शोधतो. ती घर्षणाच्या उष्णतेची खूण. डायनीमा १४५ अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन २०० च्या वर. शिवणीचा एक टाका तुटला तरी स्लिंग बाद. प्रुसिकची दोरी (मुख्य दोरावर पकड घेणाऱ्या गाठीसाठीची बारीक दोरी) तर शंका येताच बदलावी.

हार्नेसवर गादी कितीही फाटली तरी चालेल. पाहायचं ते दोर ओवायच्या दोन जागा आणि बिले लूप (त्या दोन जागा जोडणारा पुढचा फास), तेही पट्टा फिरवून, आतली दडलेली बाजू उघडी करून. २३ ऑक्टोबर २००६ रोजी योसेमिटीत लीनिंग टॉवरवर टॉड स्किनर यांचा मृत्यू झिजलेला बिले लूप तुटून झाला. नवा लूप किमान १५ किलोन्यूटन सोसतो. झिजलेला किती सोसेल हे बघून सांगता येत नाही.

कॅराबिनरमध्ये (उघडमिट होणारं गेट असलेल्या धातूच्या कडीत) दोराने पाडलेली खाच नखाने चाचपतो. १ मिलिमीटर खोल झाली की तो बाद. खाचेची कड धारदार झाली असेल तर त्याआधीच, कारण ती दोर कापते. कड्यावर कायम लटकणाऱ्या क्विकड्रॉंमध्ये (पट्टीने जोडलेल्या दोन कॅराबिनरांच्या जोड्यांमध्ये) हे हमखास आढळतं. खडकातल्या बोल्टच्या बाजूच्या कॅराबिनरला हँगरचे (बोल्टवर बसवलेल्या धातूच्या पट्टीचे) ओरखडे पडतात, म्हणून क्विकड्रॉच्या दोन बाजूंची कधी अदलाबदल करू नये. गेट अडकत असेल तर कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, बिजागरीत वंगणाचा थेंब. तरीही पूर्ण मिटलं नाही तर बाद.

क्विकड्रॉची फक्त पट्टी बदलताना दुप्पट लक्ष द्यावं. कॅराबिनर पट्टीच्या फासातून गेला पाहिजे, त्याला जागेवर धरणाऱ्या नुसत्या रबरातून नव्हे. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये टिटो ट्रावेर्सा हा १२ वर्षांचा मुलगा याच चुकीच्या जोडणीमुळे गेला. रबर जोड झाकतं, म्हणून ते सरकवून आत बघतो.

हेल्मेट बाद करायला तडा किंवा जोरदार आघात, इतकं पुरे. शूजची कड गोल झाली की नवा तळ बसवून घ्यावा, रँडला (तळाच्या वर बाजूने असलेल्या रबराला) भोक पडायच्या आत.

नजरेला न दिसणारं नुकसान रसायनांचं. बॅटरीतलं ॲसिड किंवा त्याची वाफ नायलॉनला काहीही खूण न ठेवता निकामी करू शकते. इतिहास माहीत नसलेला जुना दोर, स्लिंग किंवा हार्नेस मी म्हणूनच घेत नाही, फुकट मिळाला तरी.

बाद झालेलं साहित्य तसंच फेकत नाही. हार्नेसचा बिले लूप आणि दोर ओवायच्या जागा कापतो, स्लिंगचे दोन तुकडे करतो, दोराचे इतके आखूड तुकडे करतो की कुणाला तो बांधून चढता येणार नाही, आणि वहीतल्या नोंदीवर बाद केल्याची तारीख घालतो.