भात झोडून झाल्यावर या: रतनगड ते हरिश्चंद्रगड, चार दिवसांची फेरी

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी साडेसहाला आम्ही तिघं (मी, मैत्रीण आणि भाचा) कात्राबाईच्या जंगलात उभे होतो, तिघांत मिळून जेमतेम पाऊण लिटर पाणी आणि समोर तीन वाटा. तिन्ही सारख्याच मळलेल्या. दोन ढोरवाटा निघाल्या आणि तिसरी बरोबर होती, पण ते कळायला अंधारात दीड तास गेला. कुमशेतला उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. एका घरासमोर दिवा दिसला, तिथल्या मावशींनी काही न विचारता आधी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग भात टाकला.

त्या रात्रीमुळेच यंदाचं प्लॅनिंग जुलैपासून सुरू झालं.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य अकोले तालुक्यात आहे, १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र ३६१ चौरस किलोमीटरच्या वर. एका टोकाला १६४६ मीटरचं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला हरिश्चंद्रगड, मध्ये रतनगड, कात्राबाई, आजोबा आणि मुळेचं खोरं. रतनवाडीतून निघून कात्राबाई खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई, वर हरिश्चंद्रगड आणि खाली खिरेश्वर, हा आपल्याकडचा जुना रेंज ट्रेक. पुणेकरांसाठी सोय अशी की एसटीने गेलात तर जाताना आळेफाट्यावरून संगमनेर-अकोले-राजूर करत पोचता आणि येताना खुबी फाट्यावरून परत आळेफाट्यालाच येता. फेरी तिथे पूर्ण होते, गाडी कुठे लावायची, परत कोण आणणार, ही कटकटच नाही.

मागच्या वर्षीची चूक काय होती तर मी सगळा प्लॅन किलोमीटरमध्ये केला होता. नकाशावर अंतर बघितलं, म्हटलं हे तर कात्रज ते सिंहगडएवढंच आहे, ते तर आपण रात्रीत करतो. पण कात्रज-सिंहगडला वाट उघड्या डोंगरावरून जाते आणि डावीकडे-उजवीकडे कुठेतरी दिवे दिसत असतात. इथे पावसाळा नुकताच संपलेला, गवत कमरेएवढं, कारवी डोक्याच्या वर गेलेली, दगडांवरचे रंगाचे बाण शेवाळात आणि झुडपांत गडप, आणि त्यात आम्ही रात्रभर रतनगडाच्या गुहेत झोपून सकाळी आरामात दहाला पूर्ण सॅक घेऊन निघालो. दहाला! हे आता लिहितानाही वाईट वाटतं.

तर यंदा सप्टेंबरमध्ये मी कुमशेतच्या त्याच घरी फोन लावला. मामांना (मावशींचे यजमान) घराजवळ रेंज नसते, ते संध्याकाळी टेकाडावर गेले की फोन लागतो, त्यामुळे पाच-सहा दिवस प्रयत्न केल्यावर एकदा लागला. म्हटलं, "मामा, यंदा तुम्हालाच बरोबर घेऊन यायचंय, दसऱ्यानंतर येऊ का?"

"ताई, तवा तर भात कापनी," मामा म्हणाले. "हळवं आधी येतं, मग निमगरवं, मग गरवं. भात झोडून झाल्यावर या, मग मी मोकळा." (हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात, निमगरवं मधलं, गरवं उशिरा पिकणारं.)

आमच्या सुट्ट्या दसऱ्याच्या आसपास टाकलेल्या. मैत्रिणीची तर ऑफिसमध्ये मंजूरही झाली होती. पण मला मामांचं म्हणणं शंभर टक्के पटलं. त्यांचं वर्षाचं धान्य त्या तीन-चार आठवड्यांत घरात येतं, वरून परतीचा पाऊस कधी झोडपेल त्याचा भरवसा नाही, आणि आपण शहरातून फोन करून म्हणायचं की आम्हाला वाट दाखवायला चला? नाही. तारीख बदलली, दिवाळीनंतरची घेतली, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा.

तारीख बदलली आणि सगळा हिशोबच बदलला.

ऑक्टोबरात ओढे वाहते असतात, सोनकीची पिवळी फुलं थोडीफार टिकलेली असतात, पण दुपारी ऑक्टोबर हीट आणि चारनंतर विजांचा धोका. कड्यावर वीज म्हणजे चेष्टा नाही. नोव्हेंबरात आकाश स्वच्छ, वाटा गावकऱ्यांच्या ये-जा करण्याने मोकळ्या झालेल्या, पण दिवस लहान. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जंगलात तर साडेपाचलाच अंधारायला लागतं. आणि मुख्य म्हणजे पाणी आटायला लागलेलं असतं.

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून नुसतं पाणी लिहून काढलं. रतनवाडीत आहे. रतनगडावर टाकी आहेत. कात्राबाईच्या चढाला प्रवरेचं पात्र आणि त्याला मिळणारे ओढे बऱ्याच वेळा ओलांडावे लागतात, तिथे मामांच्या म्हणण्याप्रमाणे डबकी मिळतील पण धरून चालू नका. खिंडीत नाही. कुमशेत, पाचनई गावं आहेत. हरिश्चंद्रगडावर आहे. गडावरून तोलार खिंडीपर्यंत नाही. हे लिहिल्यावर मुक्काम आपोआपच ठरले, अंतर बघायची गरजच पडली नाही. प्रत्येकी तीन लिटर भरून निघायचं, सकाळी साडेसहाला वाटेला लागायचं, आणि दुपारी दोनपर्यंत कात्राबाई खिंड आली नाही तर निमूटपणे मागे फिरून रतनवाडीला यायचं. ही शेवटची ओळ मी लाल पेनने लिहिली आणि तिघांनी मान्य केली. भाच्याने (वय एकोणीस, मागच्या वर्षी "मावशी, अजून थोडं पुढे बघू ना" म्हणणारा तोच होता) सगळ्यात आधी.

तयारीचं फार लांबवत नाही. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, हे पाठीला आधी कळावं म्हणून दोन महिने दर रविवारी तळजाईवर भरलेली सॅक घेऊन फिरलो, दोनदा सिंहगड केला. बोहरी आळीतून एक हलकी ताडपत्री आणि दहा मीटर दोर घेतला. शूज नवे घ्यायचे असतील तर ट्रेकच्या आदल्या दिवशी घेऊ नका, महिनाभर आधी घेऊन घाला, याबाबत मी फार आग्रही आहे. अत्तर, परफ्युम, डास पळवायचे वासाचे क्रीम काहीच घ्यायचं नाही, कारण कड्यांना आग्या मोहोळं असतात. खाण्याचं तर दिवाळीनंतर गेल्यामुळे सोनंच झालं, चिवडा, शंकरपाळे, चकल्या आणि बेसनाचे लाडू, चार दिवस खराब होत नाही आणि पोटाला आधार. शिवाय दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

गुरुवारी पहाटे वाकडेवाडी स्टँडवरून नाशिकची गाडी पकडली. चाकणला नेहमीप्रमाणे अडकलो, नारायणगाव सोडल्यावर जीव मोकळा झाला. संगमनेरला उतरून अकोले, मग राजूर, राजूरहून जीपने भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालत दुपारी अडीचला रतनवाडी. मामा आदल्या दिवशीच कुमशेतहून डोंगर ओलांडून येऊन पाहुण्यांकडे थांबलेले.

उरलेली दुपार अमृतेश्वराच्या देवळात घालवली. त्या देवळाबद्दल खरं तर वेगळं लिहायला हवं. बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी, तासभर बसलं तरी डोळ्यांचं समाधान होत नाही. प्रवरा रतनगडावर उगम पावून या गावाजवळून खाली जाते आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणात, म्हणजे आपल्या भंडारदऱ्यात, अडते. खाली सपाटीला जी उसाची शेतं आपण एसटीतून बघत आलो, त्यांचं पाणी इथून जातं.

शुक्रवारी रतनगड केला, पण यावेळी मोठ्या सॅक गावात ठेवून, फक्त पाणी आणि डबा घेऊन. एवढ्या एका बदलाने शिडीचा टप्पा किती सोपा वाटला! मागच्या वर्षी मोठी सॅक शिडीच्या कठड्यात अडकत होती. वर नेढ्यात (कड्याला पडलेलं आरपार भोक) जाऊन बसलो, आरपार वारा इतका जोरात की बोललेलं ऐकू येईना. उत्तरेला अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाई, दक्षिणेला आपल्याला उद्या जायचंय तो कात्राबाईचा डोंगर. मामांनी बोटाने पूर्ण वाट दाखवली, कुठे ओढा सोडायचा, कुठे पठार लागतं. आधीच्या वर्षी आपण नेमके कुठे चुकलो तेही वरून दिसलं आणि पोटात गोळा आला. संध्याकाळी परत रतनवाडीत.

शनिवार हा खरा दिवस. सहा चाळीसला निघालो. जंगलात रतनगडाची वाट उजवीकडे जाते तो फाटा आला, आम्ही सरळ. मामा पुढे कोयता घेऊन, पण झाडं अजिबात तोडत नव्हते, नुसती आडवी आलेली काट्याची फांदी बाजूला करायचे. चालता चालता थांबून वर बोट केलं, शेकरू. उंबरावर, तांबूस, शेपटी लांबलचक, पानांतून सळसळत गेलं. भाच्याला फोन काढेपर्यंत दिसेनासं झालं. ओढ्यात दोनच ठिकाणी पाणी होतं, तिसऱ्या ठिकाणी मागच्या वर्षी आम्ही तोंड धुतलं होतं तिथे आता कोरडे गोटे. म्हणजे कॅलेंडरच्या मागचा हिशोब बरोबर होता. त्या तीन वाटांपाशी पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि स्वच्छ उन्हात ती जागा इतकी साधी दिसत होती की मैत्रीण तिथे दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मी मामांना विचारलं की बरोबर वाट ओळखायची कशी. म्हणाले, "गुरं चरायला जातात, ती वाट चाऱ्यापाशी संपती. मानसाची वाट चढाला पन संपत नाही, वाकडी हुती पन चालत ऱ्हाती. आन दगड बघा, पायानं गुळगुळीत झालेला असतो."

खिंडीत बाराच्या आधी पोचलो. कात्राबाईचं ठाणं आहे, नमस्कार केला, लाडू ठेवला. समोर आजोबाचा अवाढव्य पहाड आणि लांबवर हरिश्चंद्रगड. तास-दीड तास बसलो. घाई नाही, उजेड भरपूर, प्रत्येकाकडे लिटरभर पाणी शिल्लक. माझ्या आठवणीत मी कुठल्याच ट्रेकला इतकी निवांत बसले नव्हते.

कुमशेतला उतरलो तर खळ्यावर पेंढ्याची रास, नागली वाळत घातलेली, उतारावर खुरासणीची शेतं फुलं गळून दाण्यावर आलेली. मावशींनी नव्या तांदळाचा भात केला होता. त्याला जो वास होता तो मी पुण्यात कितीही पैसे देऊन आणलेल्या तांदळाला घेतलेला नाही. रात्री थंडी चांगलीच होती, चुलीपाशीच झोपलो. मामांचे तीन दिवसांचे पैसे फोनवर आधीच ठरवले होते ते दिले, जेवणाचे वेगळे दिले. हे कृपया सगळ्यांनीच आधी ठरवून, न घासाघीस करता करा.

रविवारी पेठेच्या वाडीवरून पाचनईला मामा सोडायला आले, बराचसा रस्ताच आहे. पाचनईहून गड म्हणजे सगळ्यात सोपी वाट, लटकत्या कातळाखालून जाते, दोन-सव्वादोन तासांत वर. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या थंडगार पाण्यात पिंड, आणि चार खांबांपैकी एकच उभा. भाचा पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालून आला, दात वाजत होते पण चेहरा फुललेला.

संध्याकाळी कोकणकड्यावर. इथे कर्नल साइक्सला इंद्रवज्र दिसल्याची नोंद आहे, म्हणजे गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये आपली सावली. त्यासाठी सूर्य पाठीमागे आणि खाली दरीत धुकं लागतं, कडा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणजे सकाळीच शक्य. आम्ही सोमवारी पहाटे परत गेलो, पण दरी तळापर्यंत स्वच्छ, बेलपाड्याची घरं दिसत होती. इंद्रवज्र नाही दिसलं. त्यासाठी पावसाळ्यातच यावं लागेल.

सोमवारी पाणी भरून घेऊन तोलार खिंडीकडे निघालो. टेकड्या चढ-उतार करत बराच वेळ जातो, ऊन थेट डोक्यावर, आणि खडकाळ उतारावर रेलिंग आहे तिथे गुडघे बोलायला लागतात. खिंडीत दगडावर कोरलेला वाघ बघितला. खिरेश्वरला नागेश्वराचं दर्शन घेऊन धरणाच्या बांधावरून पाचेक किलोमीटर तुडवत खुबी फाटा. अर्ध्या तासात गाडी मिळाली.

आळेफाट्याला उतरल्यावर चहा सांगितला आणि मामांना फोन लावला, पोचलो म्हणून सांगायला. संध्याकाळची वेळ होती, टेकाडावर असणार, पहिल्याच रिंगला उचलला.

"पानी पुरलं का ताई?"

"पुरलं मामा. अर्धी बाटली उरलीये."