बीएसडब्ल्यू, दुसरं वर्ष : वीटभट्टीवरचं फील्डवर्क

बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी, तिच्या दुसऱ्या वर्षी फील्डवर्कसाठी मी रायगड जिल्ह्यातली कातकरीवाडी मागून घेतली. बाकीच्यांना स्टेशनजवळची हॉस्पिटलं आणि शाळा हव्या होत्या, त्यामुळे भांडावं लागलं नाही. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमाती, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं.

अडचण वेळापत्रकाची. भट्टीमालकाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं पोराबाळांसकट निघतात, ती पाऊस तोंडावर आला की परततात. वाडी माझ्याशी जरा बोलायला लागली आणि निम्मी घरं बंद झाली. फील्डवर्कच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, उरलेल्यांचा गट घे, फील्डवर्कचे तास भरतील. तास भरले असते हो, पण काम कुणाबरोबर करायचं? आयसीत, म्हणजे मॅडमबरोबरच्या वैयक्तिक चर्चेत, बरीच घासाघीस झाल्यावर भट्टीवर जायची परवानगी मिळाली.

वर्गात शिकवलेली केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबरच्या कामाची, मुलाखत तिथे निरुपयोगी. पहाटेपासून चिखल कालवणं, साच्यातून विटा पाडणं चालू. एक मावशी म्हणाल्या, "ताई, लिहायचं ते लिहा, पण हात रिकामे कशाला? त्या कालच्या विटा उभ्या करा." कडेवर उभ्या केलेल्या ओल्या विटांच्या रांगेत बसूनच त्यांच्या मुलाच्या जातीच्या दाखल्याचा विषय निघाला.

अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा राज्यातल्या रहिवासाचा पुरावा लागतो. इथे आजोबा शाळेत गेलेले नाहीत, नावावर सातबारा नाही. मग जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे गाव नमुना १४. रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाऊन सापडलेली नोंद मोडी लिपीत होती, ती जाणकाराकडून वाचून घेतली, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. तो भाग कंटाळवाणा, पण खरं सोशल वर्क मी तिथेच शिकले असं माझं मत आहे.

दाखला आला तेव्हा माझं फील्डवर्क संपलेलं होतं. नोंद एका पूर्वजाची, म्हणून त्याच कागदावर चुलत भावंडांचेही अर्ज गेले. रेकॉर्डिंगच्या, म्हणजे फील्डवर्कच्या लेखी अहवालाच्या, नमुन्यात मात्र क्लायंटच्या नावाला एकच रकाना. मी त्यात अख्ख्या भावकीची नावं बारीक अक्षरात कोंबली, उरलेली मागच्या पानावर लिहिली आणि मॅडमनी काही न बोलता सही केली.