दीडशे रुपयांची अट

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकराचं होतं, लागलं दीडला. पंगती उठेपर्यंत साडेचार. त्यामुळे डिझाइनचं जे प्रदर्शन बघायला मामेभाऊ मला नेणार होता ते त्या दिवशी राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी त्याला वर्ध्यात ट्रॅक्टरचा कुठलासा पार्ट घ्यायचा होता. दुकान दहाला उघडणार, आम्ही नऊला हजर. "दादा, तू कुठंतरी टाइमपास कर," म्हणून त्याने मला मगनवाडीपाशी उतरवलं.

वर्ध्याला येणारा माणूस सेवाग्रामला जातो, पवनारला जातो, परतताना गोरसपाकाचे पुडे घेतो. मगनवाडीचं नाव त्याच्या यादीत सहसा नसतं. माझ्याही नव्हतं, आणि माझं तर आजोळ इथलं. जमनालाल बजाजांनी दिलेल्या या जागेत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा इथे राहून ते बघत. मगन संग्रहालय १९३८ चं, उद्घाटन खुद्द गांधीजींनी केलेलं. आत चरखेच चरखे. शिवाय घाण्या, हातकागद आणि त्या काळी इथे तयार झालेला मगनदीप. रॉकेल विकत घ्यावं लागू नये म्हणून वनस्पती तेलावर चालणारा कंदील.

मी पुण्यात पॅकेजिंगच्या एका कंपनीत झाकणं डिझाइन करतो. शांपूची, फिनाइलची, लोणच्याची. चरख्यांच्या त्या रांगेसमोर उभं राहिल्यावर मला कामाचीच गोष्ट आठवली. एका ट्रेनिंगमध्ये एका सरांनी आम्हाला १९२९ सालची एक जाहिरात वाचून दाखवली होती. चरखा संघाने चांगल्या चरख्याच्या रचनेसाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, त्याची. त्या काळचे एक लाख! पण अटी बघा. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता आलं पाहिजे. बाईमाणसाला आठ तास फार न दमता चालवता यावं. आठ तासांत बारा ते वीस नंबरचं सोळा हजार फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकावं, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये.

ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही.

आम्हाला क्लायंटकडून जो कागद येतो त्याला ब्रीफ म्हणतात. त्यात 'तरुणांना आपलंसं वाटावं' आणि 'हातात घेतल्यावर प्रीमियम फील यावा' असली वाक्यं असतात. झाकण मोडलं तर ते कोण, कुठे, किती पैशांत दुरुस्त करणार, हे मला अकरा वर्षांत कोणी विचारलेलं नाही. मीही कोणाला सांगायला गेलो नाही.

पार्ट मिळाला नाहीच. "नागपूरहून बोलवा लागते म्हणते," एवढं सांगून मामेभावाने गाडी सेलूच्या रस्त्याला घातली. दोन्ही बाजूंना उलंगवाडीला, म्हणजे शेवटच्या वेचणीला आलेली पऱ्हाटी (कपाशी), मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, खळ्यात तुरीचे ढीग. एका धुऱ्यावर संत्र्याचं कलम खांद्यावर घेऊन निघालेला म्हातारा. बाकी रस्ता सरळ आणि कंटाळवाणा होता, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

प्रदर्शन बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये होतं. रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, कधीच भंगारात गेलेले, पण वरच्या लोखंडी कैच्यांना अजून रुई चिकटलेली. वारा आला की तिचा एखादा पुंजका तरंगत खाली येई आणि कुठल्यातरी वस्तूवर बसे. वीसेक तरुण डिझाइनर. कोणी अहमदाबादचं, कोणी मुंबई-बंगळूरचं, चार-पाच नागपूरची पोरं. ही मंडळी काही आठवडे आसपासच्या गावांत राहिली होती, तिथल्या माणसांबरोबर काहीतरी नवीन बनवायचं एवढंच ठरलेलं. कल्पना मला आवडली. पहिली दहा मिनिटं मात्र हिरमोड झाला. प्रत्येक वस्तूपुढे इंग्रजी कार्ड, त्यातही अवघड इंग्रजी. आणि वारली! कोस्टरवर वारली, पिशवीवर वारली, दिव्याच्या शेडवर वारली. वारली पालघरची. तिथून इथवर सात-आठशे किलोमीटर येताना तिला वाटेत कोणी अडवलं कसं नाही?

"दादा, हे डिझाइन डिझाइन म्हणते ते नेमकं काय असते?" मामेभावाने विचारलं.

मी त्याला लोट्याची गोष्ट सांगितली. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. देश फिरून त्यांनी ज्या वस्तूची सगळ्यात जास्त तारीफ केली ती म्हणजे लोटा. धरायला कसा, डोक्यावर न्यायला कसा, पाणी ओतताना धार कशी पडते, घासायला किती सोपा. त्या अहवालाच्या आधाराने १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

"लोटा म्हणजे आपला गडवा?"

"गडवाच."

"गडव्याचा रिपोर्ट! आन् सरकारनं पैसे देले?" तो पुढचा अर्धा तास हसत होता.

बांबूची खुर्ची लांबूनच दिसली. सगळे तिच्याभोवतीच फोटो काढत होते. पाठीची कामटी एकाच वळणात खाली येऊन हाताची दांडी होते, एक खिळा नाही. किंमत अठरा हजार. जोड कसे घेतलेत ते बघायला मी खाली वाकलो, तर फरशीवर पिवळसर भुकटी. बेसन सांडावं तशी. मागच्या पायाला टाचणीच्या डोक्याएवढी चार छिद्रं. बाजूला एक बुरडकाका सुपं घेऊन बसले होते. प्रदर्शनातला 'पारंपरिक' कोपरा त्यांच्या वाट्याला आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"भुंगा लागला तिले. म्या पयल्याच दिवशी सांगतलं होतं त्या पोराले. कच्चा बांबू, पाण्यात टाकलाच नाई."

मला जेवढं माहीत होतं तेवढं त्यांच्या बोलण्याशी जुळलं. बांबूत स्टार्च असतं, किडा त्यासाठी येतो. म्हणून तोडलेला बांबू काही आठवडे नाल्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, ते निघून जातं. हल्ली बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवतात. मेळघाटातल्या लवाद्याच्या बांबू केंद्रात नव्वदच्या दशकापासून आदिवासी कारागीर बांबूकाम करताहेत, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला तर बांबूची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. म्हणजे विचारायला लांब जायला नको होतं. काकांना मी विचारलं, त्या पोराने मग काय उत्तर दिलं? "थो म्हने, काका, डेट हाय." डेडलाइन असणार. तो मुलगा मला भेटला, गोड मुलगा होता. भुकटीचं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हो सर, रोज झाडतो.

पऱ्हाटीच्या भुश्याचे दाबून केलेले पत्रे आणि त्यांचं स्टूल हे एरवी मला रुक्ष वाटलं असतं. पण मामेभाऊ तिथे थांबला. वेचण्या संपल्या की एकरी टनभर तरी पऱ्हाटी शेतात उभी राहते. थोडी चुलीत जाते, बाकी पेटवून देतात. ठेवली तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तिच्यात दडून बसते. त्याने स्टूल उचललं, वजन पाहिलं, बोटाने ठोकलं. "हे पऱ्हाटी कोनी विकत घेते, का आपुन नेऊन द्याची?" डिझाइनर मुलीकडे याचं उत्तर नव्हतं. सध्या आम्ही गोळा करतो, म्हणाली. तो पुढे सरकला. स्टूल त्याच्या मनातून उतरलं होतं, मला दिसलं.

मग माग आला, आणि तिथे मी दीड तास बसलो.

भंडाऱ्याकडे, मोहाडीच्या बाजूला करवतीकाठी टसर विणतात. विदर्भाबाहेर फार लोकांना माहीत नाही, पैठणीचं जे कौतुक होतं त्याचा दहावा हिस्साही तिच्या वाट्याला येत नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक किडे पाळतात, त्या कोशांचं हे कोसा रेशीम. रंग मधाचा, न रंगवता. काठाला करवतीचे दाते. हे दाते वरून भरलेले नसतात, विणतानाच निघतात. त्यासाठी आडवा धागा टाकणारे धोटे तीन लागतात. एक मधल्या अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. अंगाचा धागा काठापर्यंत येतो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. कोसा काठात शिरत नाही, काठाचा लाल अंगात उतरत नाही. हा अडकण्याचा बिंदू दर फेरीला एक-एक घर आत-बाहेर सरकवत नेला की दाता तयार होतो. मी चष्मा काढून अगदी जवळून पाहिलं. दोन धागे एकमेकांच्या गळ्यात हात घालून परत जावेत तसे. उलट बाजूने पाहिलं तरी तसंच स्वच्छ.

नागपूरच्या एका मुलीने त्या दात्यांना हात घातला होता. सगळे दाते सारखे न ठेवता तिने तालुक्याच्या गेल्या पावसाळ्याचे आकडे घेतले. एक दिवस, एक दाता. पाऊस जितका, तितका दाता खोल. त्यामुळे काठाच्या सुरुवातीला दोन-चार मोठे दाते, मग वीतभर जवळजवळ सपाट रेघ. पाऊस दडी मारून बसला होता ते दिवस. पुढे एकदम दात ओठ खाल्ल्यासारखे चार दिवस. मला असल्या आकड्यांच्या कलेचा खरं म्हणजे कंटाळा आहे, मुंबईतल्या प्रदर्शनांत हल्ली प्रत्येक गोष्टीचा ग्राफ होतो. पण इथे एक आजी काठावरून बोट फिरवत त्या सपाट जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "दुबार पेरनी." कार्ड न वाचता. वाचता येणारही नव्हतं म्हणा.

मागावरच्या कोष्टीदादांना मी विचारलं, तुम्हाला कसं वाटतं?

"डोक्याले ताप हाय," ते म्हणाले. मागाच्या आडव्या लाकडाला आलेखाचा कागद चिकटवलेला होता. "नेहमीचा दाता हात आपोआप टाकते. इथं दर वेळी कागद पाहा, घरं मोजा. दिवसाले जेमतेम निम्मं होते."

"मग परत कराल का?"

त्यांनी धोटा टाकला, फणी ओढली. "दाम निम्म्यानं वाढवून देत असन तर काऊन नाई?"

आणि मला दीडशे रुपयांची जाहिरात परत आठवली. या मुलीने माग बदलला नव्हता. धोटे तेच तीन, कोसा तोच, बसणारा माणूस तोच. बदललं होतं फक्त मोजणं. उद्या ती मुंबईला नोकरीला गेली, तरी पुढच्या पावसाळ्याचे आकडे घेऊन हे दादा नवा काठ काढू शकतील. फणीचा दात तुटला तर मोहाडीत बसवून मिळेल.

तोवर तीन वाजले होते. कोणीतरी स्केचपेनने इंग्रजी कार्डांखाली मराठी लिहायला घेतलं होतं. 'सस्टेनेबल' या शब्दापाशी त्या पोरीचं गाडं अडलं होतं. मी 'टिकाऊ' म्हणालो, मग खुर्ची आठवली आणि गप्प बसलो.

शेवटच्या भिंतीला कापूस वेचायच्या पिशव्या टांगलेल्या. वेचणाऱ्या बाया कमरेला लुगड्याची ओटी बांधतात. ती भरत जाते तसा सगळा भार पोटाशी आणि कमरेवर, दिवसभर वाकून. मजुरी किलोवर, म्हणून ओटी अर्धवट असताना कोणी रिकामी करायला जात नाही. नव्या पिशवीला दोन्ही खांद्यांवर पट्टे होते, भार पाठीत वाटला जावा म्हणून. आणि तळ उघडा, दोरीच्या गाठीने बांधलेला. गाठ सोडली की कापूस खाली, पिशवी उलटी करायला नको. एका पिशवीवर मात्र हिरव्या नऊवारीच्या काठाची पट्टी होती, टाके हाताचे, मोठे मोठे. मला वाटलं सजावट असेल.

"थे म्या लावलं," मागून आवाज आला. पन्नाशीच्या बाई, डोक्यावर पदर. "यायची पट्टी नायलनची व्हती. घामानं खांदा सोलून निघे. आन् तोंडाले जाड शिलाई व्हती, बोंडाच्या टोकाले अडके. थे उसवून टाकली."

"मग डिझाइनवाला काय म्हणाला?"

"थो काय म्हनन? लिहून घेतलं त्यानं." बाकीच्या पिशव्या मी पुन्हा पाहिल्या. त्यांचे पट्टे सुती होते, तोंडाची शिलाई बारीक. तो मुलगा कोपऱ्यात वहीत काहीतरी काढत बसलेला होता.

"काकू, फाटली तर कोण शिवून देतं?"

"गावातला टेलर. वीस रुपये घेते." मग जरा थांबून, "मीच शिवतो तं वीस रुपये बी कायले?"

बोलता बोलता त्यांनी हात वर करून हिरव्या काठाची पिशवी खुंटीवरून काढली आणि घडी घालून काखेत मारली. दाराशी बसलेली कॉलेजची पोरगी धावत आली. मावशी, मावशी, प्रदर्शन परवापर्यंत आहे, ही इथेच ठेवायचीये.

"असन," बाई म्हणाल्या, "पन उद्या माही वेचनी हाय."

आणि चालत्या झाल्या. खुंटीखाली इंग्रजी कार्ड तेवढं राहिलं. पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी मामेभावाकडे. तो गाडीला किक मारायला केव्हाच बाहेर गेला होता.