आवडता स्ट्रायकर क्लोजेच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. तिथं जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोजेचं नाव घेतलं की समोरचा हमखास म्हणतो, "तो काय खेळायचा हो? गोलसमोरच्या डीमध्ये उभा राहून नुसतं डोकं लावायचा!"

डोकं लावायचा, हे कबूल. 2002 च्या वर्ल्ड कपमध्ये त्याचे पाच गोल झाले, पाचही हेडर, म्हणजे डोक्याने मारलेले. त्यातले तीन सौदी अरेबियाविरुद्ध, आणि बाद फेरीत एकही नाही. "दुबळ्यांवर हात साफ केला" हा आरोप त्या वर्षापुरता मलाही खोडता येत नाही.

पण 2010 चा इंग्लंडविरुद्धचा गोल पुन्हा बघा. जर्मनीचा गोलकीपर नॉयरने गोलकिक मारली, ती सगळं मैदान ओलांडून गेली. गोलकिकवर ऑफसाइड नसतो, म्हणजे बचावपटूंच्या मागे आधीच उभं राहिलं तरी चालतं. इंग्लंडचे दोन्ही सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, एकमेकांपासून लांब होते आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात क्लोजे घुसला होता. त्यांतला अपसन मागून आला, अंगाला अंग लागलं, गोलकीपर जेम्स पुढे धावला. क्लोजेने घसरत नुसता पायाचा पंजा पुढे केला. ना ड्रिबल, ना ताकदीचा फटका. चेंडू कुठं पडणार हे बाकीच्यांआधी ओळखायचं आणि धक्का सोसून तिथं पोहोचायचं, स्ट्रायकरचं निम्मं काम एवढंच असतं. हायलाइट्समध्ये फक्त शेवटचा स्पर्श दिसतो, म्हणून ते सोपं वाटतं.

हे सगळं त्याला अकादमीत लहानपणापासून घोटून मिळालं होतं असंही नाही. जन्म पोलंडमधल्या ओपोलेचा, 1978 चा. वडील फुटबॉलपटू, आई पोलंडच्या हँडबॉल संघात. घर जर्मनीत आलं तेव्हा पोरगं आठ वर्षांचं होतं आणि भाषा येत नव्हती. पुढे सुतारकाम शिकला आणि गावाकडच्या क्लबात खेळत राहिला. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, पहिल्यांदा उतरला तो 2000 साली, एकविसाव्या वर्षी. आपल्याकडे या वयात पोराला "आता खेळ पुरे, नोकरी बघ" म्हणतात. (म्हणणारे अगदीच चूक असतात असं नाही.) वर्षभरात तो जर्मनीच्या संघात होता, आणि अल्बानियाविरुद्धच्या पदार्पणातच शेवटच्या मिनिटांत विजयी गोल. अर्थात हेडरच.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. 2005 मध्ये ब्रेमेन या जर्मन क्लबाकडून खेळताना मिळालेली पेनल्टी चुकीची आहे, असं त्याने स्वतः रेफरीला सांगितलं. 2012 मध्ये लाझिओ या इटालियन क्लबाकडून नापोलीविरुद्ध चेंडू त्याच्या हाताला लागून जाळ्यात गेला. रेफरीने गोल दिला होता, याने जाऊन खरं सांगितलं, गोल रद्द. तेव्हा स्कोअर 0-0 होता. लाझिओ तो सामना 3-0 हरला. गोलावर पोट असणाऱ्या माणसाने असं करणं मला गोलनंतरच्या त्याच्या कोलांटउडीपेक्षा मोठं वाटतं.

2014 ला तो 36 वर्षांचा होता. घानाविरुद्ध बदली म्हणून उतरून दोन मिनिटांत बरोबरी साधली. मग ब्राझीलविरुद्धचा तो 7-1 चा सामना. त्याचा पहिला फटका ब्राझीलचा गोलकीपर सीझरने अडवला, परतलेला चेंडू क्लोजेने आत ढकलला. वर्ल्ड कपमधला सोळावा गोल. ब्राझीलच्या रोनाल्डोचा विक्रम ब्राझीलमध्येच मोडला. त्या दिवशी आमच्या पेठेत मी तोंड मिटून बसलो होतो, ते शहाणपणाचंच होतं. फायनलमध्ये 88 व्या मिनिटाला त्याच्या जागी ग्योत्झे आला आणि जादा वेळेत त्यानेच गोल करून कप जिंकून दिला.

आता तुमचा पुढचा प्रश्न ठाऊक आहे: मग जर्मनीच्याच जुन्या स्ट्रायकर गेर्ड म्युलरपेक्षा मोठा का? नाही. जर्मनीसाठी क्लोजेचे 71 गोल, पण त्याला 137 सामने लागले. म्युलरचे 68 गोल फक्त 62 सामन्यांत. यावर वाद घालायला मी बसणार नाही. तुम्ही मोठा कोण असं विचारलं नव्हतंत, आवडता कोण असं विचारलं होतंत.