माझं धृपद, आजींच्या ओठी

आज चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत पहिल्यांदा माझं स्वतःचं भजन मंडळीसमोर गायलो. पेटीवर मी, तबल्यावर धाकटा भाऊ. राग भूप, ठेका भजनी.

तीन महिने हे भजन अडलं होतं. गिटारवर बसवलेली चाल आमच्या आजी लोकांच्या गळ्यात काही उतरेना. शेवटी अभंगाकडे वळलो. सहा, सहा, सहा, चार अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. लिहिता लिहिता त्याची प्रार्थनाच झाली. आमच्या नगरमध्ये ही वाट ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी केव्हाच मळवून ठेवली आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा अभंग सोडला नाही. 1917 साली तर मिशनचं काम सोडून ख्रिस्ती संन्यासी झाले! नोकरी सांभाळून गीतं लिहिणाऱ्या मला त्यांचा तो निर्णय हल्ली झोपू देत नाही. प्रभू मलाही तेच विचारतोय का?

उपासना सुटल्यावर एक आजी चपला शोधता शोधता माझंच धृपद गुणगुणत होत्या. म्हणाल्या, "बाळा, पुढच्या रविवारी जरा खालच्या पट्टीत घे, म्हणजे आम्हालाबी म्हणता येईल."

भजनाची पट्टी काळी दोनवरून पांढरी एकवर आणतोय. रात्रीचे साडेदहा झालेत, पेटी अजून समोरच आहे.